लुइजीचा डाव

आमच्या घरातल्या व्हिडिओ गेमला दोन रिमोट होते आणि त्यातला चांगला कधीच माझा नव्हता.

चांगला म्हणजे पहिला. त्याच्यावर मधोमध स्टार्ट आणि सिलेक्ट अशी दोन जादा बटणं होती. दुसऱ्यावर, म्हणजे माझ्या रिमोटवर, त्या जागी नुसतं गुळगुळीत प्लास्टिक. कित्येक वर्षं मला वाटायचं की आपला रिमोट खराब निघालाय, किंवा दादाने काहीतरी करून ती बटणं घालवलीयत. (दादाचा हात कशातही असू शकतो, हे मी लहानपणीच गृहीत धरलं होतं.) पुढे कधीतरी कळलं की यात दादा निर्दोष होता. १५ जुलै १९८३ ला निन्टेन्डो कंपनीने जपानमध्ये फॅमिकॉम हे व्हिडिओ गेमचं यंत्र आणलं, तेव्हाच त्याच्या दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट-सिलेक्ट नव्हते. त्याऐवजी होता एक बारका माइक आणि आवाज कमी-जास्त करायची पट्टी. म्हणजे दुसऱ्या भिडूने खेळ सुरू करायचा नाही, थांबवायचा नाही, ओरडायला मात्र पूर्ण मुभा. आणि ते ओरडणं अगदीच वाया जायचं असंही नाही. १९८६ च्या 'द लेजंड ऑफ झेल्डा'च्या जपानी आवृत्तीत मोठ्या कानांचा एक राक्षस आहे, तो त्या माइकमध्ये ओरडलं की मरतो.

आमचं यंत्र अर्थातच अस्सल फॅमिकॉम नव्हतं. त्या यंत्राच्या जगभर ज्या असंख्य नकला निघाल्या, त्यातली ती एक. नक्कल करणाऱ्यांनी माइक गाळला. स्टार्ट-सिलेक्टचं नसणं तेवढं तंतोतंत उतरवलं.

हे सगळं आठवायचं कारण असं की गेल्या महिन्यात दादा त्याच्या मुलीला घेऊन चार दिवस राहायला आला होता. मी काही दिवसांपूर्वीच निन्टेन्डोचा स्विच हा कन्सोल घेतला होता. घेताना स्वतःला सांगितलं होतं की नवीन गेम खेळायला घेतेय. निन्टेन्डोची ऑनलाइन सेवा सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली ती २० जुन्या गेमसह, मग त्यात भर पडत गेली, आणि मी वर्गणी भरली त्या रात्री नवीन गेमकडे ढुंकूनही न बघता त्या जुन्या यादीत जाऊन बसले. यादीत 'सुपर मारिओ ब्रदर्स' होता. सुरू केला. पहिल्या पडद्यावर दोन ओळी असतात, एका भिडूचा खेळ आणि दोन भिडूंचा. निवड दाखवणारा छोटा मशरूम आपसूक पहिल्या ओळीवर होता आणि मला दुसऱ्या ओळीवर जायची इतकी सवय की एकटी असूनही मी तो खाली नेला. मग भानावर आले.

१९८५ चा हा गेम दोघांना एकत्र खेळूच देत नाही. पहिला भिडू मारिओ, दुसरा लुइजी. मारिओ मेला की लुइजीचा डाव, लुइजी मेला की परत मारिओचा. ही रीत आर्केडमधून, म्हणजे पैसे टाकून खेळायच्या यंत्रांच्या दुकानांतून आलेली. तिथे टेबलासारखी यंत्रं असायची, दोघं समोरासमोर बसायचे आणि दुसऱ्याचा डाव आला की काचेखालचं चित्र गर्रकन त्याच्या बाजूला फिरायचं. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. दुसऱ्यासाठी चित्र फिरवायचा विचार तरी कुणीतरी केला होता. मारिओत तसं काही नाही. लुइजी म्हणजे वेगळं माणूससुद्धा नाही, मारिओचंच चित्र, वर हिरवा-पांढरा रंग चढवलेला. वेगळं चित्र काढायला जागा कुठे होती? अख्खा गेम ४० किलोबाइटचा. फोनवर काढलेल्या एका साध्या फोटोत असे कित्येक मारिओ मावतील.

तर नियम साधा. तू मेलास की माझा डाव. आणि दादा चांगला खेळायचा. म्हणजे माझं बालपण हे सख्ख्या भावाच्या मरणावर टपून बसण्यात गेलं, असं म्हणायला हरकत नाही. वर कोपऱ्यात ४०० पासून उलटा चालणारा टाइम असायचा, त्याच्याकडे मी डोळे लावून बसायचे. तो आकडा सेकंदाचा नाही, हे मी शोध लावल्यासारखं शोधून काढलं होतं. भिंतीवरचं घड्याळ आणि पडदा आलटून पालटून बघत. खरोखरच गेममधला एक आकडा पडद्यावरच्या २४ चित्रांना (फ्रेमना) उतरतो, म्हणजे जेमतेम ०.४ सेकंदाला. ४०० म्हणजे पावणेतीन मिनिटंही नाहीत. पण ती पावणेतीन मिनिटं किती लांब असतात, हे दुसरा रिमोट हातात धरून बसलेल्यालाच माहीत.

नुसतं बसणंही नसायचं म्हणा. मी त्या गेमचं संगीत जितकं ऐकलंय तितकं दादाने कधीच ऐकलं नाही, कारण त्याचं लक्ष खड्ड्यांकडे. संगीतकार कोजी कोंदोची ती चाल सगळ्यांना पाठ आहे, पण तिच्यात एक गंमत आहे. यंत्राकडे आवाजाच्या वाटा मोजून पाच. मारिओने उडी मारली की उडीचा आवाज त्यातली एक वाट अडवतो आणि त्या वाटेवरचा चालीतला सूर तेवढ्यापुरता गप्प होतो. नाणं घेतलं की दुसरा. म्हणजे जो खेळतोय त्याला अखंड चाल कधी ऐकूच येत नाही, तो स्वतःच ती कुरतडत असतो. दादा उड्या मारायचा आणि मला चालीत भोकं पडलेली ऐकू यायची. वाटायचं, आमची कॅसेट घासलीय.

आणि मग माझा डाव यायचा. आता ती गोष्ट सांगते, जी मी दादाला तीस वर्षं ऐकवतेय. खेळ थांबवायचं बटण पहिल्या रिमोटवर. ते लुइजीच्या डावातही चालतं. मी धावत यायचे, खड्ड्याच्या काठावर उडी टाकायचे, आणि लुइजी बरोबर मधोमध असताना दादा स्टार्ट दाबायचा. 'टिडिंग' असा आवाज, चित्र गोठलेलं. दोन सेकंद, चार सेकंद. मी रिमोट घट्ट धरून. मग त्याच्या लहरीनुसार परत स्टार्ट, आणि तोवर माझ्या बोटांचा ताल कधीच सुटलेला. लुइजी खड्ड्यात. 'मी तर फक्त टाइमप्लीज घेतलं,' हे वर. अंगणात टाइमप्लीज कुणालाही घेता यायचं, फक्त मूठ दाखवायची. इथे ते ज्याच्याकडे बटण त्याचं. गेम लिहिणाऱ्यांनी थांबवायचं बटण तपासताना पहिल्याच रिमोटकडे बघितलं, दुसऱ्याकडे स्टार्ट नव्हतंच तर बघणार कशाला. तर्क बिनचूक आहे. माझ्या कित्येक लाइफ त्या तर्काने खाल्ल्या.

एकदाच न्याय झाला. तिसऱ्या जगाच्या पहिल्या स्टेजला, शेवटच्या पायऱ्यांवरून दोन कासवं उतरतात. त्यातल्या एकाला नेमक्या जागी दाबलं की त्याचं कवच पायरीवर आपटून परत पायाखाली येतं, मारिओ त्याच्यावर नाचत राहतो आणि प्रत्येक नाचाला एक जादा लाइफ मिळते. दादाला हे कुणीतरी शाळेत दाखवलं होतं. त्या दिवशी तो नाचत राहिला. टाइम संपून मेला, माझा डाव आला आणि लगेच गेलाही. त्याने पुन्हा तिथेच जाऊन नाच सुरू केला. लाइफच्या जागी आकड्याऐवजी कसलंतरी मुकुटासारखं चिन्ह दिसायला लागलं होतं. मी मनात हिशेब केला, आता हा दहावीला जाईपर्यंत माझा डाव येत नाही. आणि पुढच्या वेळी टाइम संपून तो मेला, तर पडद्यावर गेम ओव्हर. आम्ही दोघंही बघत राहिलो. एवढ्या लाइफ गेल्या कुठे? कारण मला मोठेपणी समजलं. लाइफ मोजायला गेमने एक बाइट एवढीच जागा ठेवलीय, १२७ च्या पुढे गेलं की यंत्र तो आकडा शून्याखालचा समजतं. अति तिथे माती ही म्हण इतकी शब्दशः खरी झालेली मी तरी पुन्हा पाहिली नाही. मारिओ बाद, आणि नियमाप्रमाणे उरलेला सगळा खेळ लुइजीचा. मध्ये कुणी येणार नाही, थांबायचं नाही, एकटीचं राज्य. माझ्याकडे तीन लाइफ होत्या. त्या तिन्ही मी इतक्या लवकर घालवल्या की दादाला चिडायलाही पुरेसा वेळ मिळाला नाही.

बरं, परत गेल्या महिन्यात. दादाने आल्या आल्या कंट्रोलर उचलला. दोन ठेवले होते, त्यातला कुठला पहिला हे नव्या कन्सोलमध्ये कुठलाही ठरवता येतो, तरी त्याने उचलला तो पहिलाच निघाला. दोन भिडूंचा खेळ. मारिओ दहा पावलं चालला आणि सुरुवातीच्याच त्या तपकिरी चपट्याला, आम्ही गुंबाला चपट्याच म्हणायचो, जाऊन धडकला. मेला.

'बटण उशिरा लागतंय,' तो म्हणाला.

मी म्हटलं, 'वय झालं.'

पण त्याचं खरं होतं. जुन्या टीव्हीत चित्र साठवायची भानगडच नव्हती. सिग्नल आला तसा किरण काचेवर ओळीमागून ओळ काढत जायचा, बटण दाबलं की पुढच्याच चित्रात मारिओ हलायचा. आजचा टीव्ही आधी अख्खं चित्र घेतो, त्याला घासूनपुसून, रंग चढवून मगच दाखवतो. हा गेम सेकंदाला साठ चित्रं काढतो, म्हणजे एका चित्राला साधारण १७ मिलिसेकंद. टीव्हीने अशी तीन-चार चित्रं उशीर केला तरी सिनेमात काही कळत नाही, मारिओत माणूस मरतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू केला आणि दादाची बोटं पुन्हा तीस वर्षं मागे गेली. बघता बघता पहिली स्टेज पार. मला क्षणभर वाटलं, कशाला सुधारलं मी.

मग त्याची कुरकुर चित्राबद्दल. दोन्ही बाजूंना काळं का? चित्र इतकं टोकदार का? हे तर विणकामाच्या नमुन्यासारखं दिसतंय. त्यावर मी त्याला जुन्या टीव्हीसारख्या आडव्या ओळी आणणारा फिल्टर लावून दाखवला आणि तो लगेच म्हणाला, 'आता खोटं दिसतंय.' दोन्ही तक्रारी मला पटल्या, हीच पंचाईत. या गेमचं चित्र २४० ओळींचं. १०८० ओळींच्या टीव्हीवर ते साडेचार पट करावं लागतं, आता अर्धा ठिपका कुणाला वाटून देणार? फोर-के टीव्हीवर बरोबर नऊ पट बसतं. पण ठिपका चौकोनी आणि स्वच्छ दिसणं हेच मुळात कुणाला अभिप्रेत नव्हतं. १९९१ चा 'सॉनिक' घ्या, पहिल्याच भागात धबधबे आहेत. तो ज्यावर चालायचा त्या सेगाच्या मेगा ड्राइव्ह यंत्राला पारदर्शक पाणी दाखवता येत नव्हतं, म्हणून त्यांनी एक उभी रेघ पाण्याची, एक मोकळी, असं काढलं. जुन्या टीव्हीच्या साध्या पिवळ्या वायरीतून ते इतकं फिसकटून यायचं की रेघा एकमेकींत मिसळून खरोखर पाण्याआडचे खडक दिसायचे. नव्या टीव्हीवर तिथे उभी पट्टेरी चादर लटकलेली दिसते. चित्रकाराने टीव्हीचा दोष रंगासारखा वापरला होता. दोष काढला, रंग गेला.

बंदुकीचं तर विचारूच नका. टीव्हीवर बंदूक रोखून खेळायच्या 'डक हंट'चं बदक आता कितीही नेम धरला तरी पडत नाही. त्यात घोडा ओढला की एका क्षणासाठी पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदूक गोळी झाडत नाही, ती तो उजेड बघते, आणि तो नेमका त्या क्षणी, जुन्या काचेवरच्या किरणाच्या हिशेबाने यावा लागतो. नवा टीव्ही चित्र घासतपुसत बसतो तोवर बंदुकीचं बघून झालेलं असतं. त्या गेममध्ये एक बदक असलेल्या खेळात दुसऱ्याला रिमोटवरून बदक उडवता येतं, हे अनेकांना माहीत नसतं. मला होतं. मी बदक होते.

खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी घडली. भाची नऊ वर्षांची. तिने आमचा खेळ रात्री अर्धवट पाहिला होता. सकाळी तिने पहिला कंट्रोलर घेतला, दादाला दुसरा दिला आणि मला म्हणाली, 'आत्या, बाबा आऊट झाला की तू.' दादा आऊट व्हायला आधी दादाचा डाव तर यायला हवा. तो आलाच नाही.

ती पडली. खड्ड्यात गेली, चपट्याला धडकली, पाइपमधून निघणाऱ्या झाडाने तिला खाल्लं. आणि प्रत्येक वेळी तिने वरची दोन बटणं एकत्र धरली, खेळ मागे सरकत गेला, मारिओ खड्ड्यातून उलटा वर आला आणि काठावर उभा राहिला. जणू काही झालंच नाही. रिवाइंड. ही सोय जुन्या गेममध्ये अर्थातच नव्हती, नव्या कन्सोलने वरून चढवलेली आहे. तिला ती कुणी शिकवली नव्हती. तिच्या लेखी मागे जाता न येणं हेच विचित्र.

दादा म्हणाला, 'अगं मेलीस ना तू. आता माझा डाव.'

'मेले नाही मी. मागे गेले.'

'हा रडीचा डाव झाला.'

'रडलं कोण?' तिने शांतपणे विचारलं. खरंच, ती रडत नव्हतीच. रडकुंडीला आला होता तो लुइजी. पाऊण तास तो दुसरा कंट्रोलर मांडीवर घेऊन बसला होता, अंगठे बटणांवर, पाठ थोडी पुढे झुकलेली. ती बसण्याची पद्धत मी ओळखली. पडद्याकडे नाही, पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्याकडे नजर. तो टाइम बघत होता.

मी खूप हसले, पण विचारातही पडले. रिवाइंड, हवं तिथे खेळ जपून ठेवायची सोय, या सगळ्याबद्दल जुने लोक बोलतात ते कठीणपणाबद्दल. म्हणजे आमच्या वेळी कसं मेलं की पहिल्यापासून, वगैरे. मला त्या मिशा पिळण्याचा कंटाळा येतो. ते गेम कठीण होते त्याचं एक कारण अगदी व्यवहारी होतं. ४० किलोबाइटमध्ये ३२ स्टेज मावल्या हेच आश्चर्य. सरळ पार करत गेलात तर तासाभरात संपेल एवढा तो ऐवज, तुम्हाला दहा वेळा मारलं तरच तो उन्हाळाभर पुरतो. ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, एकाला पांढरा रंग, दुसऱ्याला हिरवा, इतकी काटकसर. हेही भाचीनेच दाखवलं, मी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. 'आत्या, ढग खाली पडलाय बघ.' तिला वर-खाली बघायला वेळ होता. मरायची भीती नसलेला माणूस देखावा बघतो.

आणि रडीचा डाव तर गेम बनवणाऱ्यांनीही खेळलाय. १९८६ मध्ये 'ग्रेडियस' हा आर्केडमधला गेम घरच्या यंत्रावर आणताना तो बनवणाऱ्या काझुहिसा हाशिमोतो यांना तपासणीसाठी तो पुन्हा पुन्हा खेळावा लागत होता आणि त्यांना तो झेपत नव्हता. म्हणून त्यांनी स्वतःसाठी एक चोरवाट ठेवली: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. पुढे 'कॉन्ट्रा'त हीच कळ दाबली की ३० लाइफ मिळायच्या. २०२० मध्ये ते गेले तेव्हा जगभरच्या लोकांनी ती कळ लिहून त्यांना निरोप दिला. आमच्याकडे मात्र सिलेक्ट दाबलं तरच दुसरा भिडूही खेळात यायचा, आणि दादा ते 'विसरायचा'. वर कॉन्ट्राच्या धबधब्याच्या स्टेजमध्ये पुढचा भरभर वर चढला की पडदा त्याच्याबरोबर वर जातो आणि खाली राहिलेला पडद्याच्या खालच्या कडेला लागून मरतो. खाली कोण राहिलेलं असायचं ते लिहीत नाही.

तेव्हा कठीण-सोपं जाऊ दे. माझं म्हणणं वेगळं आहे. रिवाइंडने खेळणाऱ्याचं मरण काढून घेतलं, ठीक. पण मरण हे एकट्या खेळणाऱ्याचं नव्हतंच. त्याच्यावर शेजारच्याचा डाव उभा होता. दादाचं चुकणं हा माझ्या वाटणीचा खेळ होता, आणि माझं चुकणं त्याच्या. एकाने 'आई गं' म्हटलं की दुसऱ्याने रिमोट सरसावायचा. ज्यांनी मागे जायची सोय केली त्यांच्या डोळ्यांसमोर एकटा बसलेला माणूस असणार, कामावरून आलेला, अर्धा तास मोकळा. त्याच्यासाठी ती सोय वरदान आहे, मी स्वतः रात्री एकटी असताना वापरते आणि मला लाज वाटत नाही. तशीच मी आठव्या जगाच्या शेवटच्या किल्ल्यापर्यंत गेले, ड्रॅगनला लाव्हात पाडलं, राजकन्येला सोडवलं. लहानपणी आम्हा दोघांनाही जे जमलं नव्हतं ते मंगळवारी रात्री अकरा वाजता जमलं. घरात सगळे झोपलेले. मी आवाज बारीक केला, पडद्यावरचे आभार वाचले आणि टीव्ही बंद केला. कुणाला सांगणार? माझ्या शेजारी कुणी ताटकळत बसलेलं नव्हतं.

दोघांनी एकत्र धावायची सोय मारिओच्या त्या आडव्या धावपळीत यायला २००९ उजाडलं, तेव्हा निन्टेन्डोच्या वी या कन्सोलवरच्या 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये एकदम चौघं उतरले. तो मी खेळलेय. फार मजेचा आहे, एकमेकांना उचलून खड्ड्यात टाकता येतं. पण कुणी कुणाची वाट बघत नाही. त्या बाबतीत मला नामकोचा 'बॅटल सिटी' जास्त माणुसकीचा वाटतो, आमचा टँकवाला गेम, तोही १९८५ चाच. दोघं एकाच वेळी, एकाच बाजूने, एकाच गरुडाचं रक्षण करतात. आणि आपल्याच भिडूला गोळी लागली तर तो मरत नाही, थोडा वेळ जागच्या जागी खिळून राहतो. भाऊ-बहिणींसाठी याहून नेमका नियम मला सुचत नाही.

दादाला आमच्या जुन्या कॅसेटमधला आणखी एक गेम हवा होता, ज्यात एक माणूस शिडीवरून काहीतरी टाकतो. नाव दोघांनाही आठवेना. कॅसेटवर तर एकावर चार आकडे छापून गेमची संख्या लिहिलेली असायची, नावं कोण वाचतंय. अशा शोधात फार आशा ठेवू नये. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजदाद केली, तर अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज कुठल्याही दुकानात रीतसर विकत मिळत नाहीत. उरलेल्या १३ टक्क्यांत मारिओ आहे हे आपलं नशीब, आणि ती यादीसुद्धा वर्गणी भरत राहू तोवर.

एक गोष्ट मात्र मी दादाला निघायच्या आदल्या रात्रीपर्यंत सांगितली नव्हती. 'सुपर मारिओ'त खेळ जपून ठेवायची सोय नाही, पण गेम ओव्हर झाल्यावर पहिल्या पडद्यावर ए दाबून धरून स्टार्ट दाबलं, तर ज्या जगात मेलात त्याच जगाच्या पहिल्या स्टेजपासून सुरू होतं. १९८५ पासून. कुठल्याही नव्या सोयीशिवाय. मी ते मोठी झाल्यावर वाचलं.

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'म्हणजे आपण दर वेळी पहिल्यापासून...'

'हो.'

'सगळी सुट्टी?'

'सगळ्या सुट्ट्या.'

भाची झोपली होती. त्याने कंट्रोलर उचलला, पहिला. मी दुसरा. आमचं न बोलता ठरलं, वरच्या दोन बटणांना हात लावायचा नाही. दादा दुसऱ्या स्टेजच्या अंधाऱ्या भुयारात विटांच्या वर चढून छतावरून पळत गेला, तिथून पुढच्या जगात उडी घेण्याचे पाइप असतात, पण घाईत मध्येच घसरून दोन चपट्यांच्या मध्ये पडला. 'आई गं,' तो म्हणाला. मी सरसावले.

माझा डाव चांगला चालला होता. पहिली स्टेज, मशरूम, फूल, झेंडा. भुयार. छत. खरंच छतावरून धावत होते मी, पाइपांच्या खोलीत पोचले आणि थेट चौथ्या जगाचा घेतला. दादा पुढे झुकला होता. त्याची नजर कोपऱ्यात. मी धावत आले, काठावर पाय टेकला आणि उडी टाकली.

टिडिंग.

लुइजी खड्ड्याच्या बरोबर वर, हात उंचावलेला, हवेत. संगीत थांबलेलं. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने कंट्रोलर हळूच सोफ्यावर ठेवला आणि पाणी प्यायला उठला.